पातलीपाडा : वरून की खालून?

ठाण्यात घोडबंदर रोडवरून माजिवड्याकडे निघालं की वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा असे उड्डाणपूल एकामागोमाग लागतात. प्रत्येकाच्या अलीकडे एकच प्रश्न: वरून की खालून? रोजच्या माणसाला तो पडतही नाही, हात आपोआप वळतात. आमच्या स्टाफ बसला मात्र पावसाळा नुकताच सरलेला असताना एका सकाळी तो पडला, आणि पडला तेव्हा पातलीपाड्याच्या पुलाचं टोक जेमतेम १८० मीटरवर होतं. पुढच्या तेरा सेकंदांत एका मोटारीचं दार चेपलं, एक मोटरसायकलवाला रस्त्यावर घसरला आणि बसमधली माणसं दीड तास उशिरा कामावर पोचली.

मी नवी मुंबईत महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत ॲडमिन बघते. बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, पण कोणती बस कुठून कोणाला उचलणार हे माझ्या टेबलावर ठरतं. अपघातानंतर वरून अहवाल मागितला गेला. मी दोन पानं लिहून दिली, ती फाइलला लागली. ‘ड्रायव्हरने अचानक लेन बदलली’ हे त्यातलं मुख्य वाक्य. ते खोटं नाही. पण त्या एका वाक्यात जे मावलं नाही ते इथे लिहितेय.

आधी बसचा रस्ता. कासारवडवलीहून सात वाजायच्या सुमारास निघते, आनंदनगर, वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा असे पिकअप घेत माजिवडा गाठते आणि कळवा-विटावा करत ठाणे-बेलापूर रोडला लागते. (विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं की त्या दिवशीचं वेळापत्रक कागदावरच राहतं, पण ती वेगळी रड.) पिकअप सगळे नाक्यांवर, म्हणजे पुलांच्या खाली. त्यामुळे ही बस तिन्ही ठिकाणी खालूनच जाते आणि माजिवड्यापर्यंत डावी लेन सोडत नाही.

घोडबंदरची डावी लेन पाळणं म्हणजे काय, हे तिथे गाडी चालवणाऱ्यालाच विचारावं. नाक्याच्या अलीकडे रिक्षा उभ्या. त्यांना टाळून टीएमटीची, म्हणजे ठाणे पालिकेची, बस थांबणार, ती स्टॉपला टेकत नाही, तिरकी उभी राहते, कारण टेकायला जागाच नसते. पुढे सोसायटीत पाणी टाकून परतणारा टँकर. मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे कुठे आत, कुठे बाहेर. सेवारस्ता मुख्य रस्त्यात सामावून घ्यायचं काम निघाल्यापासून गाड्या कुठून आत शिरतील याचा नेम नाही. त्यात उरण बाजूच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे-येणारे कंटेनर याच रस्त्याने. गर्दीच्या वेळी त्यांना बंदी असते, पण बंदी सुटायच्या आणि लागायच्या वेळेला त्यांचे तांडे असतातच. असल्या लेनमधून चालणारा ड्रायव्हर सरळ जातच नाही. तो दर शंभर-दोनशे मीटरला उजवीकडे अर्धा सरकतो आणि परत येतो. आमचे ड्रायव्हरकाका त्याला ‘विणकाम’ म्हणतात.

काका बावीस वर्षं मोठ्या गाड्या चालवतायत. मूळचे जुन्नरकडचे. आमच्याकडे त्यांचं चौथं वर्ष होतं आणि त्याआधी एक ओरखडा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘बेशिस्त ड्रायव्हर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो तो हा नाही.

ते तेरा सेकंद

ज्या मोटारीला बस लागली तिला डॅशकॅम होता. त्या गृहस्थांनी विम्यासाठी काढलेली क्लिप मलाही दिली, हा त्यांचा मोठेपणा. क्लिपवर वेळ आणि वेग दोन्ही उमटतात. बसच्या जीपीएसची नोंद दर दहा सेकंदांची, तिचा उपयोग फक्त वेग ताडून बघायला झाला. धडकेचा क्षण शून्य धरून उलटं मोजत गेले.

वजा तेरा. बस डाव्या लेनमध्ये, वेग ताशी ४० च्या आसपास. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पुढच्या सीटवर बसलेल्या आमच्याच एका मुलीने फोन बघून हाक दिली, ‘काका, पातलीपाड्याला कोणी नाहीये, वरून घ्या.’ हे अर्थात क्लिपमध्ये नाही, तिच्या आणि काकांच्या सांगण्यावरून जुळवलंय. ती म्हणाली, डाव्या हाताला रिक्षांची रांग सुरू झाली तेव्हा बोलले. जागा मी नंतर चालत जाऊन मोजली. टोकापासून साधारण १८० मीटर.

वजा सात. बसचा उजवा इंडिकेटर लागला.

मधले सहा सेकंद कुठे गेले? काकांना विचारलं. म्हणाले, ‘मॅडम, आधी वाटलं जाऊ दे, खालूनच जाऊ. मग वाटलं, सिग्नल लागला तर पाच-सात मिनिटं गेली. मग आरशात बघितलं.’ सहा सेकंदांत ६६ मीटर रस्ता मागे पडला. म्हणजे इंडिकेटर लागला तेव्हा टोक ११५ मीटरच्या आत आलेलं.

वजा पाच. मोटार मधल्या लेनमध्ये, तिचं नाक बसच्या शेपटीच्या जरा मागे. तिचा वेग ४२ होता, तो इथून चढायला लागतो. ४४, ४७, ४९.

हा भाग मी दहा-बारा वेळा बघितला असेल. मोटार पुढे कोणाला गाठायला निघाली नव्हती, तिच्यापुढे मोकळं काहीच नव्हतं. बसचा इंडिकेटर दिसला म्हणून वेग वाढला. आपल्याकडे इंडिकेटर ही विनंती नसते, तो सुगावा असतो. समोरचा घुसणार हे कळलं की घुसायच्या आत फट बुजवायची. मीही स्कूटर चालवताना हेच करते, हे क्लिप बघताना लक्षात आलं आणि जरा लाज वाटली.

वजा चार. काकांनी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. इंडिकेटर दिल्यावर तीन सेकंद थांबून. लायसन्सच्या परीक्षेत शिकवतात तसं. पण आरशात त्यांनी बघितलेली फट तीन सेकंदांपूर्वीची होती. बस ४० वर, मोटार ४९ वर, फरक सेकंदाला अडीच मीटर. पाच सेकंदांत मोटार बसच्या तुलनेत दहा मीटरच्या आसपास पुढे सरकली, आणि आमची बस दहा मीटरच लांब आहे. शेपटीमागे असलेली गाडी बरोबर ड्रायव्हरच्या दाराशी आली.

शून्य. बसचा उजवा पुढचा कोपरा, मोटारीचा डावा आरसा आणि दार. टोक अजून ३५-४० मीटर लांब.

मोटरसायकल मागून आली, पडली, क्लिपमध्ये ती दिसतसुद्धा नाही. फक्त आवाज येतो.

तिघांचं म्हणणं

मोटारवाले गृहस्थ: ‘मी माझ्या लेनमध्ये होतो, बस अंगावर आली.’ खरं.

काका: ‘साइड दाखवली होती, त्यांनी स्पीड वाढवली.’ हेही खरं.

मोटरसायकलवाला मुलगा, वय तेवीस-चोवीस, हेल्मेट होतं म्हणून तळहात आणि गुडघ्यावर निभावलं. तो म्हणाला, ‘मी माझ्या लायनीत चाललो होतो.’ हे सगळ्यात खरं, कारण तो अक्षरशः लाइनवर होता. डाव्या आणि मधल्या लेनमधला जो तुटक पांढरा पट्टा, त्यावरून.

त्या वाक्यावर हसण्यासारखं काही नाही, हिशेब करून बघा. लेन साधारण साडेतीन मीटर रुंद. बस अडीच मीटर, नीट मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर उरतो. शेजारच्या लेनमधली मोटार पावणेदोन मीटर, तिच्या दोन्ही अंगांना जवळजवळ नव्वद सेंटिमीटर. मध्ये झाली एक मीटर चाळीस सेंटिमीटरची गल्ली. मोटरसायकलचं हँडल ऐंशीच्या आत. म्हणजे गाड्यांनी लेन जितकी चोख पाळावी, तितकी मोटरसायकलवाल्यांसाठी पट्ट्यावरची गल्ली सरळ आणि लांब होते. आपण रस्त्यावर तीन लेन आखतो तेव्हा न आखता दोन आणखी तयार होतात. त्या गल्लीतून जाणाऱ्याला दोन्हीकडच्या गाड्या भिंतीसारख्या स्थिर वाटतात. भिंत सरकली की त्याला जायला जागा नसते. तेरा सेकंदांतलं सगळ्यात मोठं नुकसान त्या मुलाचं झालं, आणि वर की खाली या भांडणात तो पक्षकारही नव्हता.

कायदा कोणाच्या बाजूने, याबद्दल मला शंका नाही. २०१७ चे मोटार वाहन चालवण्याचे जे विनियम आहेत त्यांत लेन बदलणाऱ्यानेच खात्री करून, इशारा देऊन मग सरकायचं असतं. इशारा दिला म्हणून हक्क मिळत नाही. कोणी ओव्हरटेक करत असताना आपण वेग वाढवू नये हाही नियम आहे, पण काका ओव्हरटेक करत नव्हते, लेन बदलत होते, त्यामुळे मोटारवाल्यांना तो लावता येत नाही. विनियम मोडल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५०० ते १००० रुपये. त्याच कायद्याचं कलम १८४ लावायचं ठरवलं, म्हणजे धोकादायक पद्धतीने चालवणं, तर पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही. त्याच कलमात ड्रायव्हरने हातात फोन धरून वापरणं येतं. काकांच्या हातात फोन नव्हता. पुढच्या सीटवरच्या मुलीच्या हातात होता, आणि तिने तो ड्रायव्हरला वाचून दाखवू नये असं कुठलं कलम नाही.

चौकीत जबाब झाले. दुरुस्तीचा आणि त्या मुलाच्या ड्रेसिंगचा खर्च कंत्राटदाराने उचलला. दंड काकांच्या पगारातून कापायचा की नाही यावर दोन दिवस घोळ चालला, कापला गेला नाही. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही.

मेसेज

मेसेज माझा होता.

पातलीपाड्याला त्या आठवड्यात दोघंच चढायची. एक सुट्टीवर, दुसऱ्याने सात वाजता कळवलं की ताप आहे. मी ७ वाजून ९ मिनिटांनी ग्रुपवर टाकलं, ‘पातलीपाडा निल, वरून घ्या.’ त्यात ‘वरून घ्या’ लिहायची गरजच नव्हती. पण मला ते हुशारीचं वाटलं. एक सिग्नल वाचवला, डिझेल वाचवलं. मी घरी चहा पीत होते आणि बस वाघबीळहून निघून डाव्या लेनमध्ये होती, हे मला दिसत नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

असे मेसेज मी किती पाठवले असतील? ग्रुप चाळला. आधीच्या तीन महिन्यांत असे नऊ सापडले. प्रत्येक वेळी काका कसेतरी वर गेले होते. जीपीएसच्या जुन्या नोंदी काढल्या तर दोन वेळा पुलाच्या अगदी तोंडाशी वेग एकदम १५ वर आलेला दिसतो. म्हणजे तेव्हाही असंच काहीतरी झालं असावं, फक्त कोणाला लागलं नाही. कोणाला लागलं नाही म्हणून मला कळलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की लेन बदलण्यात फारसं काही वाईट नाही, आणि घोडबंदरवर तर त्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. रोग आहे तो उशिरा ठरवण्याचा. पुलाच्या तोंडाशी जे जे कट मारतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा निर्णय अर्धा किलोमीटर मागे व्हायला हवा होता. कोणी बोलण्याच्या नादात, कोणी मॅप उशिरा बोलला म्हणून, कोणी रांग बघून ‘पुढे जाऊन घुसू’ असं ठरवूनच. हा शेवटचा प्रकार निव्वळ लबाडी आहे आणि त्याला मी उशीर म्हणत नाही. पण बाकीच्यांची पुरी हयात बेशिस्तीत गेलेली नसते.

उशिराची किंमत आकड्यात बघा. ऐकलेलं समजून हात हलायला अडीच सेकंद, रस्ते बांधणारे इंजिनिअर थांबण्याचं अंतर काढताना तेवढेच धरतात. इंडिकेटरचे तीन. मोठी गाडी सावकाश एका लेनमधून दुसरीत न्यायला पाच. झाले साडेदहा. ४० च्या वेगाला हे ११५ मीटर होतात, तेही शेजारची लेन रिकामी असेल तर. सकाळी सातला ती रिकामी नसते. दर दोन-अडीच सेकंदांना एक गाडी जात असेल, तर दहा मीटरची बस शिरेल अशी फट आपोआप येत नाही, कोणीतरी ती करून द्यावी लागते. आणि करून देणारा भेटेपर्यंत किती मीटर, याचं सूत्र कुठल्या पुस्तकात नाही.

काकांचं मत मात्र माझ्याहून वेगळं आहे, आणि ते लिहायला हवं. त्यांना एकदा विचारलं, सगळ्यांनी लेन पाळली तर? ते म्हणाले, ‘पाळली तर चांगलंच हो मॅडम. पण डावी लेन आहे कुठे पाळायला? तीन पट्टे मारायचे, एकात रिक्षा उभ्या करायच्या आणि मग उरलेल्या दोनांत तिघांना म्हणायचं शिस्तीत चला.’ सिग्नलला थांबलेल्या गर्दीबद्दल त्यांचं म्हणणं तर पुस्तकातही सापडतं. सिग्नल हिरवा असताना तासाला किती वाहनं सुटतील हे काढायचं एक जुनं सूत्र आहे, रुंदीच्या दर मीटरमागे ५२५ कारइतकी. त्यात लेन मोजत नाहीत, रुंदी मोजतात. दहाच्या वेगात फटी भरत सरकणारी आपली गर्दी त्या हिशेबात मूर्ख ठरत नाही. फक्त तीच सवय घेऊन माणूस चाळीस-पन्नासवर जातो, आणि तिथे फट भरायला लागलेला वेळ परत मिळत नाही.

जागेचाही दोष होताच. पावसाळ्याने पट्टे पुसट केले होते, पुलाच्या टोकाआधीचे तिरपे पांढरे पट्टे तर मला चालत जाऊनही नीट दिसले नाहीत, आणि तिथले प्लास्टिकचे खांब बुंध्याशी तुटलेले. पण पट्टे लख्ख असते तर काका वळले नसते, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मेसेज तोच असता.

बदललं ते असं. गैरहजेरी आदल्या रात्री नऊपर्यंत कळवायची. त्यानंतर कोणी आलं नाही तरी बस खालूनच जाणार, रिकाम्या स्टॉपवरूनसुद्धा. प्रत्येक बसमध्ये एक कार्ड, त्यावर तीन पुलांची नावं आणि पुढे फक्त ‘वर’ किंवा ‘खाली’, सुटायच्या आधी भरलेलं. रस्त्यात ड्रायव्हरला कोणी काही सांगायचं नाही. बस अडली, बिघडली, तर ड्रायव्हर बाजूला लावून फोन करेल.

पहिल्या आठवड्यात फारच बोलणी खाल्ली. कोणी नसताना पातलीपाड्याच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहायचं, हे माणसांना सहन होत नाही, विशेषतः पंचिंग साडेआठचं असताना. एका सिनिअर सरांनी मला विचारलं, ‘अहो, डोकं वापरायला बंदी केलीत का?’ मी हो म्हटलं. पंचिंगला दहा मिनिटांची सवलत मागितली होती, ती पाच मिनिटांची मिळाली.

काका अजून त्याच बसवर आहेत. आरशात बघायची त्यांची पद्धत मात्र बदलली, एकदा बघून ते आता वळत नाहीत, वळताना पुन्हा बघतात. त्यांना कोणी हे सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी जीपीएस काढला. कार्डावर ‘खाली’ असताना पातलीपाड्याला बस वरून गेली असे दोन दिवस निघाले. एका दिवशी बदली ड्रायव्हर होता आणि त्याला कार्ड कोणी दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या कामाची क्रेन खालच्या रस्त्यावर आडवी होती आणि वॉर्डनने वाघबीळलाच सगळ्यांना उजवीकडे वळवलं होतं.